जखमेतले जंतू आणि घरातला साबण : जोसेफ लिस्टर यांचे आयुष्य

साबण घ्यायला दुकानात गेलो की फळीवर दोन तऱ्हेच्या वड्या दिसतात. एक साधी, अंगाला लावायची, सुगंधी. दुसरी अँटिसेप्टिक म्हणवणारी, चार पैसे महाग, बहुधा उग्र वासाची. घरात तान्हे बाळ असले, कुणाला खरचटले किंवा साथीचा आजार पसरला की हात आपोआप दुसऱ्या वडीकडे जातो. उग्र वास म्हणजे जंतूंचा नायनाट, हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. जुन्या पिढीने लाल कार्बोलिक साबणाचा वास नाकात भरून घेतला आणि तो वास म्हणजेच स्वच्छता असे मानले.

हे समीकरण जिथून आले, त्या मुळाशी एक माणूस उभा आहे. त्याचे नाव जोसेफ लिस्टर. कार्बोलिक आम्लाने जखमेतले जंतू मारता येतात, हे त्याने शल्यचिकित्सेत रुजवले आणि लाखो लोकांचे हातपाय व प्राण वाचवले. पण लिस्टर यांचे आयुष्य नीट वाचले तर दुसरीही गोष्ट हाती लागते. जंतू मारण्यापेक्षा त्यांना जखमेत शिरू न देणे अधिक महत्त्वाचे, हे शल्यचिकित्सेला त्यांच्याच हयातीत उमगले. घरच्या न्हाणीघरात कोणता साबण असावा, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आयुष्यात सापडते.

भिंगे घासणाऱ्या वडिलांचा मुलगा

लिस्टर यांचा जन्म 5 एप्रिल 1827 रोजी लंडनजवळच्या अप्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, कमी बोलणे आणि कष्ट हा त्या पंथाचा शिरस्ता. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर वाइनचे व्यापारी होते, पण त्यांचा खरा जीव सूक्ष्मदर्शकात. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले की वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसे आणि बारीक तपशील पुसट होत. भिंगे कशी जुळवली तर हा दोष जातो, हे त्यांनी शोधून काढले. या कामासाठी रॉयल सोसायटीने त्यांना 1832 मध्ये सदस्यत्व दिले. डोळ्यांना न दिसणारे एक जग असते, ही गोष्ट लहानग्या जोसेफला पुस्तकातून शिकावी लागली नाही. ते जग घरातच टेबलावर मांडलेले होते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे तेव्हा क्वेकरांना बंद असल्यासारखीच होती. म्हणून जोसेफ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला. 1847 मध्ये तो पदवीधर झाला. त्याच सुमारास त्याला देवी आल्या आणि पाठोपाठ मनाने तो पार खचला. काही काळ शिक्षण सोडून प्रवास करून तो सावरला, पुन्हा वैद्यकशास्त्राकडे वळला आणि 1852 मध्ये डॉक्टर झाला.

पुढच्याच वर्षी तो एडिंबरोला जेम्स साइम या नामांकित शल्यविशारदाकडे काही आठवड्यांसाठी म्हणून गेला आणि तिथेच रमला. साइम यांची मुलगी ॲग्नेस हिच्याशी 1856 मध्ये त्याचे लग्न झाले. ती क्वेकर नव्हती, म्हणून लिस्टर यांनी पंथ सोडला. नवपरिणित जोडप्याने मधुचंद्राच्या प्रवासातही युरोपमधील रुग्णालये पाहिली. पुढची 37 वर्षे ॲग्नेस त्यांच्या प्रयोगांत बरोबरीने बसली. लिस्टर यांच्या प्रयोगांच्या वह्यांतील बरेचसे अक्षर तिचे आहे. त्यांना मूलबाळ झाले नाही.

ऑपरेशन छान झाले, पण रोगी दगावला

1846 मध्ये ईथरची भूल आली आणि शस्त्रक्रियेतली वेदना संपली. शल्यविशारदांना आता घाई उरली नाही. ते अधिक खोल, अधिक वेळ शस्त्र चालवू लागले. पण वेदना गेली तरी मृत्यू तिथेच होता. शस्त्रक्रिया होई, दोन-तीन दिवस बरे जात, मग जखम लाल होई, सुजे, पू धरी. कुणाला धावरे होई, कुणाचे मांस सडत जाई, कुणाच्या रक्तात विष भिने. त्या काळी थोडा दाट, पांढरट पू येणे हे जखम बरी होण्याचे शुभलक्षण समजले जाई. जखमा का चिघळतात, याचे उत्तर बहुतेक डॉक्टर दूषित हवेत शोधत.

लिस्टर 1860 मध्ये ग्लासगो विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले आणि 1861 मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरीत त्यांच्याकडे वॉर्ड आले. इमारत नवी होती, तरीही तिथल्या जखमा चिघळत. पुढे कारण शोधताना लक्षात आले की, तळमजल्यावरच्या एका वॉर्डालगत जमिनीखाली थोड्याच खोलीवर 1849 च्या पटकीच्या साथीत पुरलेल्या शवपेट्या होत्या. शल्यविशारद तेव्हा रक्ताने कडक झालेला जुना कोट घालून ऑपरेशन करत. एकाच्या जखमेतून काढलेली सळई पुसून दुसऱ्याच्या जखमेत घालत. शस्त्रक्रियेच्या आधी हात धुण्याची पद्धत नव्हती. झाल्यावर धुतले तर धुतले.

सगळ्यांत वाईट गत असे ती हाड मोडून कातडीबाहेर आलेल्या रुग्णाची. हाड मोडले पण कातडी शाबूत राहिली तर माणूस बहुधा बरा होई. कातडी फाटली तर जखम हटकून चिघळे, आणि जीव वाचवायचा म्हणून पाय कापावा लागे. पाय कापण्याची जखमही पुन्हा चिघळेच. लिस्टर यांच्या वॉर्डात 1864 ते 1866 या काळात हात किंवा पाय कापलेल्या 35 रुग्णांपैकी 16 जण दगावले. जवळपास निम्मे. मोडलेले हाड दोन्ही रुग्णांचे सारखेच. फरक फक्त फाटलेल्या कातडीचा. मग त्या फटीतून आत शिरते ते काय, हा प्रश्न लिस्टर यांना स्वस्थ बसू देईना.

गटाराचा वास आणि अकरा वर्षांचा मुलगा

1865 मध्ये ग्लासगोतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांना लुई पाश्चर यांचे लेख दाखवले. दूध आंबते, वाइन खराब होते, रस्सा नासतो, तो हवेमुळे नव्हे, तर हवेतून आलेल्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पाश्चर यांनी सिद्ध केले होते. लिस्टर यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रस्सा नासतो तसेच जखमेतले रक्तमांसही नासत असणार. जंतूंचा नाश गाळून, उकळून किंवा रसायनाने करता येतो. माणसाचे मांस गाळता येत नाही, उकळता येत नाही. तेव्हा रसायनच शोधायला हवे.

याच सुमारास कार्लाइल शहरात गटाराच्या पाण्यावर कार्बोलिक आम्ल टाकत असल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्याने दुर्गंधी कमी झाली होती आणि ते पाणी सोडलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांचे आजारही घटले होते. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे हे रसायन. आपल्याकडे फरशी पुसायला वापरतात ते काळे फिनेल याच कुळातले.

मार्च 1865 मध्ये केलेला पहिला प्रयोग फसला. मग 12 ऑगस्ट 1865 रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा 11 वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याच्या नडगीचे हाड मोडले होते आणि जखम उघडी होती. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड जखमेवर ठेवले, वरून कथलाचा पातळ पत्रा लावला आणि पायाला फळ्या बांधल्या. चार दिवसांनी पट्टी उघडताना सडण्याचा वास येईल अशी भीती होती. वास नव्हता. पू नव्हता. आम्लाने कातडी मात्र थोडी भाजली होती, म्हणून पुढे त्यांनी ते पातळ करून वापरले. सहा आठवड्यांत हाड सांधले आणि मुलगा स्वतःच्या पायांनी घरी गेला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 13 ऑगस्ट 1865 रोजी, व्हिएन्नातील मनोरुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांचा मृत्यू झाला. जखमेतून झालेला संसर्गच त्यांना घेऊन गेला. याच माणसाने 18 वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले होते. एप्रिल 1847 मध्ये बाळंतिणींचे मृत्यू शंभरात 18 होते. हात धुणे सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते दोनच्या आसपास आले. पण डॉक्टरांचे हातच रोग पसरवतात, हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हते. लिस्टर यांना तेव्हा सेमेलवाइस यांच्या कामाची काहीच माहिती नव्हती. एकाच सत्याकडे दोघे वेगवेगळ्या वाटांनी पोचले. एकाला वेडाच्या कोठडीत मरण आले, दुसऱ्याला पुढे सरदारकी मिळाली.

जेवणाच्या टेबलावर बहीण

लिस्टर यांनी ग्रीनलीजनंतर आणखी रुग्णांवर हाच उपचार केला. उघड्या हाडांच्या पहिल्या 11 रुग्णांपैकी एकच दगावला. 1867 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्यावर कसोटीची वेळ आली. बहीण इझाबेला हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. इतर डॉक्टर हात लावायला कचरत होते, कारण एवढी मोठी जखम करायची म्हणजे संसर्गाला आमंत्रणच. शेवटी लिस्टर यांनी स्वतः ग्लासगोतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तिचे ऑपरेशन केले. हत्यारे, हात, कापड सगळे कार्बोलिक आम्लात भिजवलेले होते. जखम पू न धरता भरून आली. कर्करोग मात्र नंतर उलटला आणि सुमारे तीन वर्षांनी ती गेली. पण ती जखमेने गेली नाही, आणि तीन वर्षे ही त्या काळी थोडी नव्हती. आपल्या पद्धतीवर लिस्टर यांचा किती विश्वास होता, हे सांगायला याहून मोठा पुरावा नको.

आकडेही बोलू लागले. 1867 ते 1869 या काळात त्यांच्या वॉर्डात हात किंवा पाय कापलेल्या 40 रुग्णांपैकी 6 दगावले. 35 मधून 16 वरून 40 मधून 6 वर. वॉर्ड तेच, इमारत तीच, शल्यविशारद तोच.

विरोध आणि प्रसार

तरीही मायदेशातच टीका जास्त झाली. क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणणारे जेम्स सिम्प्सन यांच्यासारख्या मोठ्या माणसाने हा प्रकार जुनाच असल्याचा आरोप केला. लंडनच्या कित्येक डॉक्टरांनी पट्ट्या अर्धवट बांधून पाहिल्या आणि उपयोग नाही असे सांगून टाकले. जंतू दिसत नाहीत, मग ते आहेत कशावरून, असा त्यांचा सूर. जर्मनी आणि डेन्मार्कमधल्या शल्यविशारदांनी मात्र ही पद्धत मनापासून घेतली.

1869 मध्ये लिस्टर एडिंबरोला परतले. जंतुविरहित ठेवलेल्या द्रवाच्या काचेच्या कुप्या त्यांनी आगगाडीत जवळ धरून सांभाळत नेल्या होत्या. झाकण नसलेल्या पण नळी वाकडी केलेल्या त्या कुप्यांतला द्रव वर्षे गेली तरी नासला नाही. हवा आत जात होती, धुळीबरोबरचे जंतू वाकणात अडकत होते. विद्यार्थ्यांना पटवायला याहून सोपा दाखला कोणता?

1871 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेत गळू झाले तेव्हा बॅल्मोरलला लिस्टर यांनाच बोलावले. त्यांनी गळू फोडले आणि आत पू साचू नये म्हणून रबराची नळी बसवली. 1877 मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. तिथे त्यांनी मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून चांदीच्या तारेने जोडली. बंद सांधा मुद्दाम उघडणे म्हणजे रुग्णाला मारणे, असे तोवर मानत. रुग्ण बरा झाला आणि लंडनचे विरोधकही हळूहळू निवळले.

मोठ्या माणसांनाही मर्यादा असतात. स्त्रियांनी डॉक्टर व्हायला लिस्टर यांचा विरोध होता. प्रयोगशाळेत पत्नीची साथ रोज लाभलेल्या माणसाचे हे मत आज विचित्र वाटते, पण ते तसे होते हे लपवण्यात अर्थ नाही.

फवारा येतो आणि जातो

जंतू हवेतून जखमेत पडतात, असे लिस्टर यांना सुरुवातीला वाटे. म्हणून 1871 पासून त्यांनी ऑपरेशन चालू असताना हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारण्याची पद्धत काढली. फवाऱ्याचे यंत्र आधी हाताने, पुढे वाफेवर चाले. खोलीभर धुके होई, डॉक्टरांचे डोळे झोंबत, खोकला येई. हातांची कातडी सोलवटून बधिर होई. शरीरात जास्त आम्ल शोषले गेले तर रुग्णाची लघवी काळपट होई आणि काही जणांना विषबाधाही झाली.

याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती. बर्मिंगहॅमचे लॉसन टेट कार्बोलिक आम्ल नाकारत. ते साबण, पाणी आणि कसोशीची स्वच्छता एवढ्यावर पोटाची ऑपरेशने करत आणि त्यांचे रुग्ण बरे होत. जंतूंचा सिद्धांत टेट यांना मान्य नव्हता, पण साबण-पाणी नकळत तेच काम करत होते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी जखमा चिघळवणारे जंतू वेगवेगळे ओळखून दाखवले. बर्लिनमध्ये 1880 च्या दशकात हत्यारे आणि कापड वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात झाली. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांच्या ऑपरेशन थिएटरमधील परिचारिकेचे हात जंतुनाशकाने फुटू लागले, म्हणून त्यांनी रबराचे पातळ हातमोजे करून घेतले. हातांना त्रास होऊ नये म्हणून आलेले मोजे पुढे रुग्णाच्या रक्षणाचे साधन झाले.

संशोधन पुढे गेले तसे दिसले की, जखमेला हवेतल्या जंतूंपेक्षा हात, हत्यारे आणि कापड यांवरच्या जंतूंचा धोका कितीतरी अधिक. 1890 मध्ये बर्लिनच्या वैद्यक परिषदेत लिस्टर यांनी सर्वांसमोर कबूल केले की, फवाऱ्याची गरज नव्हती आणि तो सुचवल्याचा आपल्याला संकोच वाटतो. ज्याच्या नावाने फवारा जगभर गेला, त्यानेच तो बाजूला ठेवला. जंतू आहेत आणि ते जखम चिघळवतात, हा त्यांचा मूळ विचार पक्का राहिला. त्यासाठीचे साधन बदलले.

1892 मध्ये पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात पॅरिसमध्ये दोघांची गळाभेट झाली. पुढच्याच वर्षी इटलीत प्रवासात असताना ॲग्नेसचे निधन झाले. त्यानंतर लिस्टर यांचे संशोधन जवळपास थांबले. 1895 ते 1900 या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि 1897 मध्ये त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. 10 फेब्रुवारी 1912 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, केंट परगण्यातील वॉल्मर येथे त्यांनी देह ठेवला.

वासावर विसंबलेली मुंबई

लिस्टर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष असतानाच, 1896 च्या सप्टेंबरमध्ये, मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. कार्बोलिक आम्लाची कीर्ती तोवर जगभर झाली होती. पालिकेने गटारांत समुद्राच्या पाण्याबरोबर कार्बोलिक आम्ल सोडले, घरे जंतुनाशकाने धुतली, भिंतींना चुना फासला. गल्ल्यांना उग्र वास सुटला, पण प्लेग हटला नाही. हटणार कसा? तो गटारातून नव्हे, तर उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून पसरत होता. पिसवांचा हा संबंध 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिला.

रसायन जालीम असले तरी ते जिथे जंतूची वाट अडवते तिथेच लागू पडते. मोडलेल्या पायाच्या जखमेत कार्बोलिक आम्लाने ती वाट अडवली. मांडवीच्या गटारात अडवली नाही. 1890 च्या दशकातच इंग्लंडमध्ये लाइफबॉय हा कार्बोलिक साबण आला आणि थोड्याच काळात भारतातही विकला जाऊ लागला. ऑपरेशनच्या खोलीतला वास अशा रीतीने आपल्या न्हाणीघरात पोचला. त्या वासाबरोबर त्याच्यावरची श्रद्धाही आली.

मग घरी कोणता साबण?

साबणाचे काम समजून घेतले तर उत्तर सोपे आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकटाला. हातावरचे जंतू तेलकट मळात रुतून बसलेले असतात. साबण तो मळ सुटा करतो आणि वाहते पाणी त्याला जंतूंसकट घेऊन जाते. काही विषाणूंवर चरबीचे पातळ आवरण असते, ते तर साबणाने फुटतेच. म्हणजे साध्या साबणाला जंतू मारावेच लागतात असे नाही. तो त्यांना हातावरून हाकलतो. टेट यांच्या हातून साबण-पाण्याने हेच घडत होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बान यांच्यासह 19 जंतुनाशक घटक घरगुती वापराच्या साबणांत वापरायला मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक गुणकारी आहेत आणि दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आले नव्हते. हा नियम रुग्णालयांसाठी नव्हता. तिथे ऑपरेशनपूर्वी हात धुण्यासाठी आणि रुग्णाची कातडी स्वच्छ करण्यासाठी क्लोरहेक्सिडिनसारखी जंतुनाशके आजही लागतात. घरात मात्र निरोगी माणसांना रोजच्या आंघोळीला आणि हात धुवायला साधा साबण पुरेसा आहे. अँटिसेप्टिक साबणाने काहींची कातडी कोरडी पडते आणि फुटते, आणि फुटलेली कातडी हेच जंतूंचे दार. लिस्टर यांचे सोललेले हात आठवावेत.

साबण कोणता यापेक्षा तो कधी आणि कसा वापरतो, हे महत्त्वाचे. स्वयंपाकाला लागण्याआधी, जेवणाआधी, बाळाला घेण्याआधी, शौचाहून आल्यावर, बाळाचे ढुंगण धुतल्यावर, कच्चे मांस-मासे हाताळल्यावर आणि जखमेची पट्टी बदलण्याच्या आधी व नंतर हात धुवावेत. तळहात, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा किमान 20 सेकंद चोळाव्यात. वाहत्या पाण्याने धुवून कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावे. एकाच ओल्या टॉवेलला घरातल्या सगळ्यांनी हात पुसले तर धुतलेले वाया जाते. पाणी जवळ नसेल तर किमान 60 टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर चालते, पण हात मळलेले किंवा तेलकट असतील तर त्याचा उपयोग कमी होतो.

खरचटले किंवा कापले तर आधी आपले हात धुवावेत. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मग जखम पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरून माती, खडे निघून जाऊ द्यावेत. जखमेभोवतीची कातडी साध्या साबणाने धुवावी आणि वर स्वच्छ पट्टी लावावी. जंतुनाशक द्रव वापरायचाच असेल तर बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पाणी घालूनच. तो थेट ओतला तर जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशीही होरपळतात. राख, शेण, माती, टूथपेस्ट, चहापूड यांतले काहीही जखमेवर लावू नये. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम मातीने माखलेली असेल किंवा गंजका खिळा घुसला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

कुत्रा चावला तर साबणाचे महत्त्व आणखी मोठे. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटे धुवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रेबीजच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते, साबण ते मोडतो. इथे साबण कोणता याचा विचार करत बसू नये. हाताशी येईल तो घ्यावा आणि धुऊन झाल्यावर लसीसाठी थेट दवाखाना गाठावा. धुणे हा लसीला पर्याय नाही.

अँटिसेप्टिक साबण किंवा द्रावण घरात लागण्याचे प्रसंगही असतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने आंघोळ करायला डॉक्टर सांगतात, वारंवार गळवे होणाऱ्याला त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक दिवसांसाठी देतात. तेव्हा तो औषध म्हणून, सांगितला तसा आणि सांगितला तितकेच दिवस वापरावा. जखमेभोवतीची लाली पसरत गेली, पू आला, ठणका वाढला, ताप भरला, लाल रेघ वर चढू लागली, तर कोणत्याच साबणाची वाट पाहू नये. मधुमेहाच्या रुग्णाने पायावरची लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी. ग्लासगोत त्या काळी जो पाय कापावा लागे, तो आज वेळेवर दाखवला तर बहुधा वाचतो.

लिस्टर यांचे वॉर्ड आता उरलेले नाहीत आणि कार्बोलिक आम्लही ऑपरेशन थिएटरमधून गेले. जंतू आणि जखम यांच्या मध्ये काहीतरी उभे राहिले पाहिजे, हे त्यांचे सांगणे मात्र टिकले. घरात ते काम साधी वडी, वाहते पाणी आणि वीस सेकंद करतात.